डोपचा वास आणि ड्रॅगन रॅपिड

केंब्रिज,
१४ सप्टेंबर

प्रिय सुन्या,

फोटो टाकून भागलं असतं, पण ही गोष्ट तुला ऐसपैसच सांगायची आहे. काल डक्सफर्डच्या विमान संग्रहालयात ड्रॅगन रॅपिड हे जुनं विमान पाहिलं. नुसतं पाहिलं नाही लेका, बसून उडालो!

डी हॅविलंड या ब्रिटिश कंपनीचं डीएच ८९. दोन इंजिनं, एकावर एक पंख, पहिलं उड्डाण एप्रिल १९३४. धड प्लायवुडचं, वरून कापड. पंखाच्या कापडाखालच्या फासळ्या सरळ मोजता येतात. हळूच टिचकी मारली (मारायची नसते, ठाऊक आहे), तर डफासारखा आवाज! लहानपणी विमानं बनवताना आपण बाल्साच्या हलक्या लाकडावर पतंगाचा कागद चिकटवून डोप (कागद-कापड ताणून घट्ट करणारं वार्निश) फासायचो आणि वासाने काकू ओरडायच्या, तेच हे. फक्त पंख साडेचौदा मीटरचे.

चढण्याआधी सगळ्यांना वजन विचारलं. मी दोन किलो चोरले, मग घाबरून खरं सांगितलं. शेपटीखाली चाक, त्यामुळे उभं विमान मागे कललेलं. खुर्चीपर्यंत अक्षरशः चढ चढावा लागतो. आठ उतारू, आणि पुढे नाकाच्या टोकाशी पायलट एकटाच. शेजारी दुसऱ्याला जागाच नाही.

इंजिनं जिप्सी सिक्स, प्रत्येकी २०० अश्वशक्तीची, आणि उलटी बसवलेली: सिलिंडर खाली लोंबतात, म्हणून पुढचा फिरता पंखा जमिनीपासून उंच राहतो. चाकांना चक्क पायजमे घातलेत, म्हणजे वरून आवरणं. जरा पळाल्यावर शेपूट उचललं, तो चढ सपाट झाला, आणि जमीन कधी सुटली कळलंच नाही. खिडकीबाहेर पंखांमधल्या तारा थरथरत होत्या. मी सारखा त्यांच्याकडेच बघत होतो, खालचं गाव राहिलंच.

एवढं गरीब दिसणारं विमान, पण जुलै १९३६ मध्ये यातलंच एक क्रॉयडनहून निघालं. सहल वाटावी म्हणून आत दोन तरुणीही बसवल्या होत्या. त्याच विमानाने स्पेनचा पुढे हुकूमशहा झालेल्या जनरल फ्रँकोला कॅनरी बेटांवरून मोरोक्कोत पोचवलं, आणि त्याच आठवड्यात स्पेनमध्ये यादवी पेटली. ते आता माद्रिदच्या संग्रहालयात आहे.

माळ्यावर आपलं ते पंख मोडलेलं विमान असेल तर टाकू नकोस. दिवाळीत येतोय. बाल्सा मी आणतो. डोप विमानातून नेऊ देत नाहीत, ती तू बघ. काकूंना आत्ताच सांगू नकोस.

तुझा,
अव्या