भिंतीचं तुझंच खरं होतं

प्रिय गड्या,

चार महिने एक ओळ नाही, तू चिडला असशीलच. तब्येत ठीक आहे, गुडघा कुरकुरतो तेवढाच. पण आज जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. घरात सगळे म्हणतात, "छान तर दिसतेय की भिंत!"

आईची खोली रंगवायला घेतली होती. तिच्या पलंगामागची लांब भिंत, दोन हात देऊन झाले, दिवसाउजेडी अगदी झकास. रात्री सहज तिचा वाचायचा दिवा उशाशी लावला आणि पोटात गोळाच आला. उजेड भिंतीला घासून जातो ना तिथे! पुट्टीची ठिगळं निस्तेज, आजूबाजूला चकाकी, आणि बरोबर मधोमध छतापासून खालपर्यंत एक जाड पट्टा.

पट्टा कशाचा ते लगेच कळलं. अर्धी भिंत झाली आणि फोन वाजला. दहा मिनिटं बोललो, वर पंखा गरगरत होता. परत येऊन रोलर फिरवला तोवर कड सुकली होती. ओल्या कडेवर पुढचा रोलर चढला तर सांधा दिसत नाही, सुकलेल्या कडेवर चढला की रंगाचा थर दुप्पट होतो. एकदा सुरू केलेली भिंत कोपऱ्यापर्यंत नेल्याशिवाय खाली उतरायचं नाही, हे तुझं पालुपद होतं.

ठिगळांचं दुखणं त्याहून वाईट. प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, हात झाल्यावर चार-पाच खड्डे दिसले, ते पुट्टीने भरले, घासले आणि तसाच वर रंग दिला. उघडी पुट्टी रंग पिऊन टाकते. प्रायमर लावलेली भिंत पीत नाही. मग एकाच डब्यातला रंग दोन जागी दोन तऱ्हेने सुकतो. त्यात मी रंग घेतला चकाकीचा, आईला पुसायला सोपा पडावा म्हणून. मॅट असता तर निम्मं झाकलं गेलं असतं. चकाकी काहीच पोटात घालत नाही.

वसतिगृहातली आपली खोली आठवते? तू डोळे मिटून भिंतीवर तळवा फिरवत होतास. म्हणालास, डोळे फसतात, हात फसत नाही. अजून एकदा पॉलिश पेपर मारू. मी ओरडलो, "भिंत आहे का मांजर?" तू पुट्टी ओढायचा पत्रा बादलीत फेकलास आणि आठ दिवस अबोला. आण्णांनी मध्यस्थी केली नसती तर परीक्षेपर्यंत चालला असता. आज रात्री मीही डोळे मिटून तळवा फिरवला. प्रत्येक ठिगळाची कड बोटांना लागली, केसाएवढी, पण लागली. तुझंच खरं होतं रे. इतक्या वर्षांनी लिहून देतोय, जपून ठेव.

आता माझा बेत ऐक. रंग नीट कडक होऊ देतो. मग पूर्ण भिंत 220 नंबरच्या पेपरने, पट्टा जिथे जाड आहे तिथे आधी जरा खरखरीत 180 ने. दिवा आडवा ठेवूनच घासणार, म्हणजे उंचवटा सावलीतून सापडेल. मग ओलसर फडक्याने सगळी धूळ पुसायची. पुढे अडलंय. प्रायमर फक्त ठिगळांवर द्यावा की अख्ख्या भिंतीवर? ठिगळांवरच दिला तर त्याच्या कडा पुन्हा उठतील अशी धास्ती वाटते. अख्ख्या भिंतीवर दिला तर दोन दिवस वाढतात. शेवटचा हात मात्र पंखा बंद करून, आखूड लवेच्या रोलरने, दाब न देता, शेवटची ओढ वरून खाली एकाच दिशेने.

घाई एवढ्यासाठी की आई ताईकडून रविवारी येतेय. ती काही बोलणार नाही, हे तुला माहीत आहे. रोज रात्री तोच दिवा लावून वाचत बसेल आणि नजर वर गेली की तो पट्टा. तिने आयुष्यभर सगळ्यांच्या खोल्या आधी केल्या. ही एक तरी तिला नितळ मिळावी.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? धाकटीचा निकाल लागला का? तिला शाबासकी सांग, सविस्तर पुढच्या पत्रात.

प्रायमरचं तेवढं लगेच कळव. तोवर डबा उघडत नाही.

तुझाच,
मी