आठ महाविद्यालयांना मिळून एक तालुका द्या : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : ठाणे व नवी मुंबईतील महाविद्यालयांना शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत एकत्रितपणे संगणकशिक्षण चालवता यावे याबाबत.

महोदय,

नवी मुंबईतील एका अनुदानित महाविद्यालयात मी गेली २२ वर्षे संगणकशास्त्र शिकवतो. आमच्या एका अंगाला महापे-रबाळ्याची औद्योगिक वसाहत आहे आणि दुसऱ्या अंगाला वाशी, कोपरखैरणे, नेरूळची उपनगरे, त्यामुळे विद्यार्थ्यांना संगणक पाहायला मिळत नाही असे आमच्याकडे कोणी म्हणणार नाही. मात्र याच ठाणे जिल्ह्यात, आसनगावला लोकलमधून उतरून एसटीने डोळखांबच्या किंवा किन्हवलीच्या दिशेने निघाले, की दहावीपर्यंत कळफलकाला हातच न लागलेली मुले भेटतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाण्यात सात तालुके उरले. त्यांपैकी शहापूर आणि मुरबाडच्या आदिवासी पाड्यांविषयी मी हे लिहीत आहे.

या भागाकडे महाविद्यालयांचे लक्ष नाही, अशी माझी तक्रार नाही. उलट लक्ष आहे, पण ते सुटे सुटे आहे. सुमारे दहा वर्षांपूर्वी आम्ही शहापूर तालुक्यातील एका आश्रमशाळेला १२ संगणक दिले, फीत कापली, छायाचित्रे काढली आणि परतलो. पुढच्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी त्याच बाजूला गेलो तेव्हा त्या खोलीला कुलूप होते, किल्ली बदली होऊन गेलेल्या शिक्षकांबरोबर गेली होती आणि यूपीएसच्या बॅटऱ्या बसल्या होत्या. शेजारच्या वर्गात दुसऱ्या एका महाविद्यालयाने दिलेला डिजिटल फळा चादरीखाली झाकून ठेवलेला होता. मुख्याध्यापक सौजन्याने म्हणाले, “सर, नारळ फोडायला सगळे येतात. माउस बिघडला की कोणाला फोन करायचा, तेवढे सांगा.” आम्ही तेव्हा काही सांगू शकलो नाही, आणि आजही सांगता येईल असे मला वाटत नाही.

याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. प्रत्येक महाविद्यालय आपले दत्तक गाव स्वतंत्रपणे निवडते, आणि साहजिकच ते महामार्गाच्या किंवा रेल्वे स्थानकाच्या जवळचे असते. शिबिर सात दिवसांचे असते. मूल्यांकनाच्या वेळी मोजले जातात ते ‘उपक्रम’, सातत्य कोणी मोजत नाही. पाच महाविद्यालयांनी पाच गावांत एकेकदा संगणक साक्षरतेचा वर्ग घेतला तर कागदावर पाच उपक्रम होतात, पण त्याच पाचांनी मिळून एका शाळेत आळीपाळीने वर्षभर दर शनिवारी वर्ग चालवला तर तो कोणाच्या नावावर लावायचा, हेच ठरत नाही.

म्हणून माझी विनंती नव्या योजनेसाठी नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्याने पदवीची जी श्रेयांक (क्रेडिट) रचना स्वीकारली, तिच्यात क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना प्रत्येकी दोन श्रेयांक आहेत. एका श्रेयांकाला ३० तास धरले तर प्रत्येक विद्यार्थ्याचे ६० तास एकेका घटकासाठी राखलेले आहेत. सध्या हे तास बहुधा जवळच्या सोसायटीतील कचरा वर्गीकरणाच्या सर्वेक्षणात जातात (त्या सोसायट्याही आता प्रश्नावल्यांना कंटाळल्या असाव्यात). आठ महाविद्यालयांतून प्रत्येकी १५ विद्यार्थी घेतले, तर एका घटकाचेच ७,२०० तास होतात. प्रवास, तयारी आणि गळती यांत निम्मे गेले असे धरले, तरी उरलेल्या तासांत एका तालुक्यातील निवडक आश्रमशाळा आणि जिल्हा परिषद शाळा वर्षभर सांभाळता येतील. मात्र त्यासाठी एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याच्या कामाची नोंद दुसऱ्या महाविद्यालयाच्या प्राध्यापकाने प्रमाणित केलेली चालेल, असे विद्यापीठाने स्पष्ट करायला हवे. आम्ही बहुतेक जण मुंबई विद्यापीठाशीच संलग्न असल्याने हे अवघड नसावे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ खाली २०१९ मध्ये मुंबईतील जुनी शासकीय महाविद्यालये एकत्र येऊन डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ उभे राहिले. आम्हाला तसे विलीन व्हायचे नाही, आठवड्यातून एक दिवस एकत्र काम करायचे आहे.

दुसरा अडसर आमच्या भांडारात आहे, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मंत्रालयात तो क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले, आणि २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यामुळे प्रयोगशाळांमधील चालू स्थितीतील यंत्रे मोठ्या संख्येने बाद होत आहेत. त्यांतील बरीचशी लिनक्स या मोफत संगणक प्रणालीवर आणखी पाच-सहा वर्षे उत्तम चालतील. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेने तयार केलेली बॉस लिनक्स प्रणाली मराठीत वापरता येते, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी पाठ एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही दाखवता येतात. पण अनुदानित महाविद्यालयाच्या जडवस्तू नोंदवहीतील संगणक उचलून आश्रमशाळेत नेता येत नाही. आधी वस्तू बाद ठरवणारी निर्लेखन समिती, मग मूल्यांकन, मग लिलाव, आणि शेवटी सगळा माल भंगाराच्या भावाने ई-कचरा उचलणाऱ्याकडे. आमच्याच महाविद्यालयात मी अशी यंत्रे पावसाळाभर जिन्याखाली पडलेली पाहिली आहेत. वापरण्याजोगे संगणक लिलावाऐवजी शासकीय व आश्रमशाळांकडे हस्तांतरित करण्याची मुभा आपल्या विभागाच्या एका परिपत्रकाने मिळू शकेल.

तिसरी गोष्ट मंत्रालयातल्याच दालनांची आहे. महाविद्यालये आपल्याकडे, आयटीआय कौशल्य विभागाकडे, आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे आणि जिल्हा परिषदेच्या शाळा आणखी वेगळ्या व्यवस्थेकडे. हार्डवेअर दुरुस्ती शिकणारा आयटीआयचा मुलगा हा या सगळ्या बेतातला सर्वांत उपयोगी माणूस आहे, कारण मुख्याध्यापकांनी विचारलेल्या त्या फोनचे उत्तर तोच देऊ शकतो, आणि आज नेमका त्यालाच या कामात सामील करून घेण्याचा मार्ग आमच्याजवळ नाही. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. तेथील प्रकल्प अधिकारी, एक आयटीआय आणि महाविद्यालयांचा गट यांच्यात तीन वर्षांचा एकच करार व्हावा, आणि समन्वयक प्राध्यापकाचे आठवड्याचे किमान चार तास कार्यभारात धरले जावेत. हे तास धरले नाहीत, तर काम पुन्हा एखाद्या उत्साही माणसाच्या निवृत्तीपर्यंतच चालेल.

खर्चाविषयी एवढेच, की एसटीचे भाडे, बॅटऱ्या आणि एक तंत्रज्ञ यांपलीकडे मोठा खर्च मला दिसत नाही. याच शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते, इथल्याच भातसा धरणाचे पाणी आज मुंबईबरोबर ठाणेही पिते, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या कितीतरी पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हा या तालुक्यासाठी बॅटऱ्या घेताना शहरांनी हात आखडू नये, असे मला वाटते.

महाविद्यालयांची साठा तपासणी मार्चअखेरीस होते आणि नवे वर्ष जूनमध्ये सुरू होते. हस्तांतरणाचे परिपत्रक फेब्रुवारीत निघाले, तर यंदा बाद होणारे संगणक लिलावात जाण्यापूर्वी थांबवता येतील आणि उन्हाळी सुटीत आमचे विद्यार्थी ते दुरुस्त करून ठेवतील. त्याचा मसुदा तयार करण्यास मदत लागल्यास आम्ही काही प्राध्यापक कोणत्याही दिवशी मंत्रालयात येण्यास तयार आहोत.

आपला विश्वासू,
संगणकशास्त्राचा एक प्राध्यापक,
नवी मुंबई