चवथीला रजा नको

फोंडा, गोवा,
नागपंचमी, दुपार

चिरंजीव बाबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर म्हणालास, "आई, यंदा चवथीला, गणपतीत, सगळं बाहेरून मागवूया, तू नुसती बसून राहा, तुला सुट्टी." त्यावर मी "बघू" म्हणाले आणि तेवढ्यात तुझी बस आली. माझे ते "बघू" तुला होकारासारखे वाटले असेल, तर तसे समजू नकोस. मला जे सांगायचे होते ते फोनवर सांगून होण्यासारखे नव्हते, कारण तिसऱ्या वाक्याला मी "जेवलास का" यावर येते आणि मूळ विषय राहून जातो. म्हणून आज हळदीच्या पानांत उकडलेल्या पातोळ्यांचे भांडे घासून पालथे घातल्यावर कागद घेऊन बसले आहे. बोलताना आपल्या तोंडी कोंकणी असते, पण शाळा मराठी, आरत्या मराठी, आजीच्या पोथ्याही मराठी, त्यामुळे कागद समोर आला की मला मराठीच सुचते. हे तुला नवीन नाही.

आधी एक कबुली. तू जे सुचवतोस त्यातले थोडे तीन वर्षांपूर्वीच झालेले आहे आणि ते तुला कळलेलेही नाही. त्या वर्षी चवथीच्या आठवड्यात मला ताप आला होता आणि मनगटात पीठ मळण्याइतकाही जोर नव्हता. वरच्या वाड्यावर बायकांचा एक स्वयंसाहाय्य गट आहे, त्यांच्याकडे मी गुपचूप दीडशे नेवऱ्या, म्हणजे करंज्या, सांगितल्या. त्यांतल्या एकीला गृहिणींसाठीच्या सरकारी गृह आधार योजनेचे महिना १५०० रुपये मिळतात आणि सणासुदीच्या नेवऱ्यांवर ती त्याहून बरेच जास्त कमावते, हेही मला तेव्हाच कळले. नेवऱ्या आल्या त्या साच्यातल्या नव्हत्या, हाताने मुरड घातलेल्या होत्या, आणि खरे सांगायचे तर ती मुरड माझ्यापेक्षा बारीक होती. मी त्या आपल्या नेहमीच्या डब्यात भरल्या आणि डबा नेहमीच्या फळीवर ठेवला. चवथीच्या दुपारी काकांनी दोन खाल्ल्या, तिसरी हातात घेतली आणि म्हणाले, "वहिनी, नेवऱ्या खाव्या त्या तुमच्याच हातच्या." तू मान डोलावलीस. मी खतखत्याच्या मिश्र भाजीत डाव फिरवत राहिले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. इतकी वर्षे दोन-दोन संध्याकाळी मोडून मी ज्या नेवऱ्या केल्या, त्यांतला फरक घरातल्या एकाही जिभेला कळू नये, याचे वाईट वाटले. सकाळी उठल्यावर मात्र वाटले की कळला नाही हेच बरे झाले, आता त्या संध्याकाळी सुटल्या. तेव्हापासून नेवऱ्या बाहेरून येतात. तेव्हा बाहेरून आणण्याला माझी हरकत आहे, असे मानू नकोस. हरकत आहे ती "सगळे" या शब्दाला.

पातोळ्या मी कोणाला देणार नाही. यामागे काही फार मोठे कारण नाही. मला त्या करायला आवडतात, एवढेच. विसर्जनाच्या दिवशी पहाटे, घर झोपलेले असताना, परसातून हळदीची पाने कापून आणायची. पावसाने ती इतकी भिजलेली असतात की हाताला पाणी लागते आधी आणि वास नंतर. रात्री भिजवलेले तांदूळ मीठ घालून वाटायचे, पीठ पानावर बोटांनी पसरायचे. जाड झाले तर खाताना घशात चिकटते, पातळ झाले तर उकडताना फुटते, आणि मधली जाडी कोणती हे मला आजतागायत कोणाला शब्दांत सांगता आलेले नाही. आजीनेही मला सांगितले नव्हते. ती माझे बोट धरून पानावर फिरवायची आणि "हें अशें" म्हणायची. मग मध्ये खोबऱ्याचे आणि माडाच्या गुळाचे काळपट चून, पान उभे दुमडायचे आणि भांड्यात रचायचे. उकडून झाल्यावर पान सोलले की त्याच्या शिरा पांढऱ्या पातोळीवर जशाच्या तशा उमटलेल्या असतात. लहानपणी तू त्या शिरा बोटाने मोजायचास आणि पातोळी थंड करून टाकायचास. आज नागपंचमीच्या सहाच केल्या, कारण खाणारे आम्ही दोघेच. तुझ्या बाबांनी चार संपवल्या आणि साखर वाढल्याची तक्रार उद्यावर ढकलली.

आता मी दमते कशाने, ते सांगते, कारण तुझा समज आहे की रांधण्याने. रांधण्याने माणूस दमतो, पण त्याचा कंटाळा येत नाही. कंटाळा येतो तो मुगांची साले काढण्याचा. मुगागाठीसाठी मोड आलेले मूग पाण्यात चोळून एकेक साल वेगळी करायची, चोवीस माणसांच्या मुगांची, आणि ती आमटी पंगतीत चार मिनिटांत संपते. कंटाळा येतो समया, ताम्हण आणि तांब्याचा हंडा चिंचेने घासण्याचा. दोन्ही काका आपापल्या घरांतून मूळच्या घरी येतात, मुले धावतात, घुमट वाजते, आरती रंगते, मला ते सगळे हवे असते. पण आरती चालू असताना मी आत पंगतीची पाने पुसत असते आणि "सुखकर्ता"चे पहिले कडवे सोडून काही माझ्या कानावर पडत नाही. बायकांची पंगत शेवटची. दोन वर्षांपूर्वी आमच्या पंगतीला खतखते उरलेच नव्हते आणि तुझ्या धाकट्या काकीने व मी भातावर सोलकढी घेऊन जेवण उरकले. आम्ही दोघी त्यावर हसलो, हे खरे आहे. दोघींनाही राग आला होता, हेही खरे आहे.

आणि सगळ्यात जास्त दमवतो तो षष्ठीचा दिवस, जो तू कधी पाहिलेलाच नाहीस. पंचमीच्या संध्याकाळी आपला दीड दिवसाचा गणपती तळीवर पोचवून तुम्ही परत येता, शिरा-मुटलीचा प्रसाद वाटून होतो, रात्रीच्या बसने तू जातोस, गाड्या वळतात आणि घर एकदम रिकामे होते. सकाळी उठावे तर गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटोळीच्या चौकटीवरची फळे सुकायला लागलेली, कांगलां खाली पडून त्यांतल्या लाल बिया जमिनीवर पसरलेल्या, आसनाच्या पाटावर अक्षता, आणि ओट्यावर जिला कोणाचाच हक्क लागत नाही अशी उरलेली भाजी. कोणी येणार नाही, कोणी बोलावणार नाही आणि काम मात्र काल होते तेवढेच. मला रजा हवी असेल तर ती त्या दिवशी हवी आहे. चवथीला मला बसवून ठेवलेस तर मी चिडेन, कारण घरात चोवीस माणसे असताना बसून राहणे हे मला अधिक कठीण काम आहे.

तू म्हणशील की मी हे हिशेब ठेवायला कधीपासून लागले. तुला आठवते का, २०११ च्या फेब्रुवारीत जनगणनेला एक शिक्षिका आल्या होत्या? तू तिसरीत होतास आणि त्यांच्या कागदांत डोकावत होतास. मी आडोळीवर बसून नारळ खवत होते, उठले तर हात धुवावे लागले असते म्हणून बसूनच उत्तरे दिली. "काम काय करता?" असे त्यांनी विचारले, माझ्या हाताकडे पाहिले, थोड्या हसल्या आणि घरकाम म्हणून नोंद केली. जनगणनेच्या भाषेत घरकाम करणारी बाई "काम न करणाऱ्यां"त धरली जाते, हेही त्यांनीच सांगितले आणि पुढे म्हणाल्या, "मीसुद्धा आता घरी जाऊन नारळच खवणार आहे." त्यांचा काही दोष नव्हता. मला त्या आवडल्या आणि मी त्यांना खवलेल्या खोबऱ्याची मूठ साखर घालून खायला दिली.

पुढे बऱ्याच वर्षांनी वर्तमानपत्रात आले की २०१९ मध्ये देशात वेळेच्या वापराचे सरकारी सर्वेक्षण झाले आणि त्यात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, पुरुष ९७ मिनिटे, असे निघाले. २९९ मिनिटे म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. ते एक मिनिट कोणती बाई बसली असेल, याचा मी बराच वेळ विचार केला. तुझ्या बाबांना ते दाखवले, तर त्यांनी ९७ या आकड्यावर शंका घेतली; त्यांना तो फार मोठा वाटला.

यातून मी फार मोठा त्याग केला वगैरे निष्कर्ष काढू नकोस. कोणी तसे भाषण केले की मला अवघडल्यासारखे होते. तुझ्या जन्माआधी आठ महिने मी एका कचेरीत आवक-जावक लिहीत होते आणि ते काम मला मुळीच आवडत नव्हते. घरी राहिले ते स्वतःच्या पसंतीने. फक्त एवढे झाले की ज्या दिवसाला तुम्ही सुट्टी म्हणत होता, त्या दिवशी माझे काम दुप्पट व्हायचे, आणि हे मी तुम्हांला कधी सांगितले नाही. मे महिन्यात तुझी शाळा बंद आणि माझे पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, सुरू: आमसुले उन्हात घालायची, मिरच्या निवडायच्या, आंबे मिठात टाकायचे, चिंचोके काढून चिंचेचे गोळे करायचे, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासळीबंदी म्हणून सुकी सुंगटे (कोळंबी) डोके-शेपूट काढून बरणीत भरायची. तू मानकुराद खाऊन कोयी अंगणात फेकायचास आणि वाळवणावरचे कावळे हाकायला मी दिलेली काठी टाकून क्रिकेटला पळायचास. दिवाळीला रात्रभर नरकासुराच्या पुतळ्याच्या मागे असायचास. पहाटे काजळी लागलेल्या तोंडाने परत यायचास तेव्हा मी तीन वाजल्यापासून उठून पाच प्रकारचे फोव (पोहे) करत असायची, आणि तू कारीट फोडून, न्हाऊन, एकच वाटी खाऊन झोपायचास. मला तेव्हा त्याचा राग यायचा नाही. आता कधीकधी मागाहून येतो, हे मात्र विचित्र आहे.

तर यंदाचे असे कर. चवथ आजपासून महिन्यावर आहे, म्हणजे रजेचा अर्ज करायला भरपूर वेळ आहे. चवथीच्या सकाळी बॅग घेऊन दारात उभे राहण्यापेक्षा द्वितीयेला ये. तयेच्या, म्हणजे तृतीयेच्या, दिवशी माझा उपास असतो, त्या दिवशी तू बाबांबरोबर फोंड्याच्या बाजारात माटोळीच्या सामानाला जा. त्यांची पाठ आता नारळाची पेंड आणि केळीचा घड दोन्ही उचलण्यासारखी राहिलेली नाही आणि ते स्वतः तुला हे कधीच सांगणार नाहीत. घागऱ्या, माट्टीची फळे, सुपारीचा कात्रा, करमळ, हे सगळे ओळखायला त्यांच्याकडून शीक, कारण मला त्यातले अर्धेच ओळखू येते. संध्याकाळी समया तू घासायच्या. मुगांची साले तू आणि काकांचा धाकटा मुलगा मिळून काढायची. दोघांत एक परात ठेवते आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवते. खतखत्याच्या भाज्या चिरायला काकी आहे, तिच्या हाताला वेग आहे. चवथीला यंदा बायकांची पंगत पहिली बसेल आणि तुम्ही वाढाल, हे मी काकांना आधीच सांगितले आहे. ते "बघू" म्हणाले. त्यांचे "बघू" माझ्यासारखेच असते, तेव्हा तू आल्यावर एकदा बोल. पातोळ्यांच्या पहाटे मात्र कोणी स्वयंपाकघरात येऊ नये. तुला शिकायचेच असेल तर ये, पण मग गप्प बसावे लागेल आणि बोट माझ्या हातात द्यावे लागेल.

आणि पंचमीच्या रात्री बसने परत जाऊ नकोस. षष्ठीला सकाळी बाबा, तू आणि मी फोंड्याला हॉटेलात भाजी-पाव खायला जाऊ; दुसऱ्याने केलेली पातळ भाजी, वर मिरचीची भजी, आणि बशी मी उचलणार नाही. तिथून जुन्या गोव्याच्या धक्क्यावर जाऊन दिवाडी बेटाच्या फेरीबोटीत बसायचे, पलीकडे उतरायचे आणि पुढच्या फेरीने परत यायचे. पायी जाणाऱ्याला तिकीट पडत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मला ते करायचे आहे आणि दर वेळी पलीकडे कोणाचे तरी काम असल्याशिवाय आपण त्या बोटीत चढलो नाही. घर आवरायचे ते संध्याकाळी आल्यावर तिघांनी मिळून आवरू. माटोळी उतरवायला तुझी उंची लागेलच.

प्रकृतीस जप. पावसात ओले मोजे घालून फिरू नकोस.

तुझी,
आई

ता. क. नेवऱ्यांचे काकांना कळू देऊ नकोस.