फरशीवर टॉर्च लावून बसलेल्या काकांना

काका,

तुम्ही कापून, पॉलिश करून दिलेला माझा गारगोटीचा दाणा चिमट्यातून निसटला आणि तुम्हीच तो शोधून दिलात, त्याला आता दोन महिने होतील. अजूनही ती संध्याकाळ आठवली की घसा दाटतो. तुम्ही समोरासमोर आभार मानू देत नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

जेमतेम एक मिलिमीटरची, दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेली पारदर्शक चकती, आणि पडली ती ठिपक्याठिपक्यांच्या मोझॅकवर! माझे हातपाय गळाले होते. तुम्ही काही न बोलता आधी पंखा बंद केलात, मग दिवे. टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरलात आणि गुडघ्यांवर बसलात. पाऊण तास. तुमची बस गेली. टेबलाच्या पायापाशी काहीतरी चमकलं, ते ओल्या ब्रशच्या टोकाने अलगद उचललंत आणि कागदाच्या पुडीत घालून माझ्या हातावर ठेवलंत. "जपून ने," एवढंच म्हणालात.

आधी जिथे नमुने दिले होते, तिथे माझे सहा दाणे हरवले. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "वाळूच आहे ना, दुसरे आणा." तो अपमान माझा नव्हता, त्या दगडाचा होता. कॅलिफोर्नियातल्या लाँग व्हॅलीत सुमारे 7 लाख 60 हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा जो स्फोट झाला, त्यात साधारण 600 घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला. त्याच्या राखेचा जो खडक बनला, त्या बिशप टफमधले ते दाणे. एकेक वेचायला मला आठवडे लागले होते.

तुम्ही मात्र विचारलं होतंत, "एवढ्याशा गारगोटीत काय शोधतेस गं?" घाईत मी "पाणी" म्हणाले आणि तुम्ही हसला नाहीत. त्याचं पुरं उत्तर राहून गेलं.

काका, गारगोटी म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. पाण्याला तिच्यात जागाच नाही. पण शिलारसात स्फटिक वाढताना कुठेकुठे सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतं. त्याचा विद्युतभार एकाने कमी, म्हणून ती उणीव भरायला शेजारी हायड्रोजन येऊन बसतो, कधी लिथियम. हा हायड्रोजन पाण्याच्या रूपात मोजला तर दहा लाख भागांत मोजकेच भाग. अवरक्त प्रकाश आरपार सोडला की आलेखात 3378 प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्येच्या आसपास त्याचं शिखर उठतं. आरपार सोडायचा, म्हणून दोन्ही बाजू आरशासारख्या हव्यात. पॉलिश करताना दाणा ज्याने चिकटवतात त्या डिंकाचा अंश राहिला तर त्याचीही शिखरं शेजारीच उमटतात. तुम्ही त्या चकत्या ॲसिटोनमध्ये पुन्हा पुन्हा का धुतल्यात, ते मला यंत्रासमोर बसल्यावर कळलं.

शिलारसातलं पाणीच स्फोटाला जोर देतं, म्हणून त्याची ही खूण मोलाची. पण ती पुसतेही. राखेचा जाड थर साचला की आत वर्षानुवर्षं धग राहते आणि त्या धगीत हायड्रोजन कडेकडून निसटत जातो. स्फटिकात अडकलेल्या काचेच्या थेंबांतलं पाणीसुद्धा असं झिरपून जाऊ शकतं. हवेत उडून लगेच निवलेल्या प्युमिसमधला, म्हणजे फेसासारख्या हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी दगडातला दाणा ही खूण जास्त राखतो. थरातल्या दाण्याचा कमी आकडा बघून 'शिलारस कोरडा होता' म्हणणं म्हणजे वाळलेला रुमाल बघून तो कधी भिजलाच नव्हता म्हणण्यासारखं.

तुम्ही शोधलेला दाणा जाड थरातलाच होता. कडेला शिखर बुटकं, मध्याकडे जाताना चढत गेलं. त्याच्यातून पाणी गेलं होतं, आणि ते जाताना दिसत होतं. यंत्राच्या खोलीत मी एकटीच होते, खूप रडले.

मोठ्या पदांवरची माणसं माझ्या कामाला 'महत्त्वाचं' म्हणाली, त्यांचाही राग नाही. पण दुसऱ्याची वस्तू आपली समजून गुडघे टेकणारं माणूस मला या पाच वर्षांत एकच भेटलं.

ती पुडी मी टाकलेली नाही. अजून आठ दाणे उरलेत, सगळे प्युमिसमधले. पुढच्या सोमवारी घेऊन येते. ते तुमच्याच हातून कापायचे आहेत.

तुमची,
गारगोटीवाली मुलगी