बाबा, एफडी मोडू नका

छत्रपती संभाजीनगर

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. बाबा, तुम्ही बँकेतली एफडी मोडून मला ज्वारीचे पोहे करायचं दुसरं मशीन घेऊन द्यायचं म्हणताय. आणि काका म्हणे सेलूभर सांगत फिरतायत, की पोरीची वेबसाइट लाखो लोकांनी बघितली. लाखो नाही हो. पण एरवी दिवसभरात शे-दीडशे माणसं येणाऱ्या साइटवर तासाभरात काही हजार आली, हे खरं. तेव्हा काय झालं ते नीट लिहिते.

मुंबईच्या एका बाईंनी आपल्या ज्वारीच्या पोह्यांचा चिवडा केला आणि त्याची रील टाकली. आमची ना ओळख ना पाळख, पोहेसुद्धा त्यांनी स्वतःच्या पैशाने मागवलेले. रील संध्याकाळी चालली आणि जेवणाच्या वेळेला आपली साइट बंद.

आई, तू विचारलंस की साइट बंद पडते म्हणजे काय होतं. आपली साइट दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर भाड्याने ठेवलेली असते, आणि स्वस्तातल्या भाड्यात एकाच कॉम्प्युटरवर आपल्यासारखे कितीतरी भाडेकरू असतात. कुणी पान उघडलं, की तो कॉम्प्युटर भाव, फोटो, शिल्लक माल शोधून पान नव्याने जुळवतो. एका वेळी ठरावीक लोकांचंच काम त्याला जमतं, बाकीचे ताटकळतात. आणि मोबाईलवर कोण ताटकळतंय? दोन-चार सेकंदांत पान आलं नाही, की माणूस परत दाबतो, परत दाबतो, आणि प्रत्येक दाबणं म्हणजे नवं काम. माणसं वाढायची थांबली तरी कामाचा ढीग वाढतच राहतो.

हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेत १९९७ साली स्लॅशडॉट नावाची तंत्रज्ञानाच्या बातम्यांची साइट निघाली. तिथे एखाद्या छोट्या साइटची लिंक आली, की वाचकांच्या लोंढ्याने ती बंद पडायची. आपल्याकडे २८ एप्रिल २०२१ ला १८ वर्षांवरच्यांची लसीची नोंदणी उघडली, तेव्हा कोविन ही सरकारी साइट पहिल्या काही मिनिटांतच अडकली होती. सरकारची ती गत, मग आपलं काय घेऊन बसलात!

माझ्यासोबतच्या पोराने रात्रीच दुकानाचं पान काढून साधं पान लावलं: चार फोटो, भाव आणि ऑर्डरसाठी व्हॉट्सॲप नंबर. पुढे क्लाउडफ्लेअर बसवलं. ते पानांच्या तयार प्रती ठिकठिकाणच्या कॉम्प्युटरवर ठेवतं, त्यामुळे प्रत्येक माणूस आपल्या मूळ जागेपर्यंत येतच नाही. बाबा म्हणतील, आधीच मोठा सर्व्हर का घेतला नाही? कारण वर्षातून कधीतरी होणाऱ्या गर्दीसाठी बाराही महिने भाडं भरणं मला पटत नाही. अजूनही पटत नाही.

पण साइट चालू राहिली असती तरी लाख रुपये आले नसते, हे काकांना समजावून सांगा. मृगाचा पाऊस पडला की आपल्या बियाणांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, पण ती गर्दी घ्यायलाच आलेली असते. ही गर्दी बघायला आली होती. साइट सुरू झाल्यावरही बहुतेकांनी एक पान बघितलं आणि परत रीलवर गेले. काही दुबई-अमेरिकेतून आले, तिकडे आपण माल पाठवतच नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आकडा पार उतरला. आता पहिल्यापेक्षा थोडा वर आहे, इतकंच.

तो ‘थोडा’ मात्र कामाचा आहे. आता काही जण गुगलवर आपलं नाव टाकून शोधत येतात. पूर्वी फक्त ‘ज्वारीचे पोहे’ शोधणारे यायचे, तेही क्वचित. रीलचा जोर लवकर ओसरतो. त्याऐवजी एखाद्या वर्तमानपत्राच्या साइटवर आपली लिंक आली तर गुगलमध्ये वर यायला बरेच दिवस मदत होते. म्हणून मी ‘परभणी शक्ती’ या ज्वारीच्या वाणावर एक लेख लिहिलाय. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने काढलेलं, लोह-जस्त जास्त असलेलं हे वाण २०१८ साली आलं, पण शहरात किती जणांना माहीत आहे? कोणी छापलं तर बरंच.

आता मशीनचं. मशीन आणलं की ते चालवावं लागतं, आणि चालवायचं तर माल भरून ठेवावा लागतो. ज्वारीचं पीठ ठेवलं की कडवट होतं, हे आई, तुला मी काय सांगणार! पोहे त्यापेक्षा टिकतात, पण तेही किती दिवस? शिवाय आत्ता मोंढ्यात जुनीच ज्वारी आहे, तीही चढ्या भावाने. गटातल्या मावश्या आहे त्या मशीनवर रोजच्या ऑर्डरी आरामात काढतात. त्या आठवड्यात तेवढ्या उशिरापर्यंत थांबल्या, त्याचे जास्तीचे पैसे मी दिलेत.

मला बघायचंय ते एवढंच, की त्या रात्री ज्यांनी पहिल्यांदा घेतलं त्यांच्यातले किती जण दुसऱ्यांदा मागवतात. किलोभर पोहे संपायला एखाद्या घराला महिना-दीड महिना लागतोच. मार्चमध्ये नवी ज्वारी येईल, तोवर हा आकडा हातात असेल. बरा असला तर मशीनसाठी मी स्वतः बँकेकडे जाईन, आणि लागलं तर तुमच्याकडेही येईन. तोवर एफडीला हात लावू नका. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्यातूनच करायचं ठरलंय ना?

संक्रांतीला दोन दिवस येते. हुरड्याला शेतात जायचं असेल तर तात्यांना आधी सांगून ठेवा.

तुमची,
मीनू