बेणं, घेवडा आणि तुझी विहीर

नाशिक,
१४ डिसेंबर

प्रिय सुन्या,

तुझा फोन आला तेव्हा मी प्लॉटमध्ये उकिडवा बसून बटाट्याच्या पानांखालचा मावा मोजत होतो, म्हणून तुटक बोललो. राग धरू नकोस. "भाषण नको, एकच नाव सांग, बटाट्याचा कोणता वाण लावू?" असं तू म्हणालास आणि मी "पत्र लिहितो" म्हटल्यावर खो खो हसलास. आता वाच बसून.

नाव सांगताना माझी जीभ अडते, त्याला कारण आमचे मामा. तीन वर्षांपूर्वी त्यांनी असंच विचारलं होतं. मी नवीन नवीन नोकरीला लागलेलो, एका हंगामाचे आकडे हातात, छाती फुगलेली. ठोकून दिलं, 'कुफरी पुखराज' लावा. मामांनी ऑक्टोबरच्या शेवटी कोल्ड स्टोरेजमधून बेणं उचललं, त्याच दुपारी कापलं आणि दुसऱ्या दिवशी सरीत टाकलं. गारठ्यातून निघालेल्या बेण्याला घाम सुटलेला, कापलेली बाजू ओली, आणि खाली ऑक्टोबरची तापलेली माती. निम्म्याहून जास्त फोडी जागेवर सडल्या. बेणं आठ-दहा दिवस सावलीत पसरून, कोंब फुटल्यावरच लावायचं असतं. आणि कापलंच तर कापाला खपली धरू द्यायची. हे मला पाठ होतं, पण मामांना सांगायचं सुचलंच नाही. ते रागावले नाहीत. वावराच्या बांधावर उभं राहून एवढंच म्हणाले, "भाच्या, वाण तुझा, वास माझा." अजूनही लग्नाकार्यात भेटले की नाकाला रुमाल लावून दाखवतात.

त्यात वाणाचा दोष नव्हता बरं का. 'पुखराज' १९९८ सालचा, लवकर पोसणारा, आपल्याकडे भरपूर लावतात. 'ज्योती' त्याहून जुना, १९६८ चा. तो आला तेव्हा पानं करपवणाऱ्या करपा रोगाला चांगली टक्कर द्यायचा, पण करप्याची बुरशीही बसून राहत नाही, तिनं आता त्याला गाठलंय. आपल्या पठारासाठी १९७२ मध्ये 'लवकर' नावाचाच वाण काढला होता, आणि २००६ चा 'सूर्या' थोड्या गरम हवेतही बटाटा धरतो. या सगळ्यांच्या आधी 'कुफरी' का लावतात ते माहीत आहे? कुफरी हे शिमल्याजवळचं डोंगरातलं गाव. तिथल्या लांब दिवसांत बटाट्याला नीट फुलं येतात, बी धरतं, म्हणून संकर तिथे करतात. आपल्या हिवाळ्यात बटाटा फुलाच्या फंदात फारसा पडतच नाही.

मावा का मोजतो तेही ऐक. तो बटाट्याला चावतो म्हणून मोजत नाही. हा किडा एका झाडाचा विषाणू दुसऱ्या झाडाला नेतो, तो बेण्यात उतरतो आणि दरवर्षी तेच बेणं ठेवलं की पीक घटत जातं. आपले शेतकरी म्हणतात "बेणं थकलं", ते अगदी खरं आहे. बटाटा-संशोधक डॉ. पुष्करनाथ यांनी १९६० च्या दशकात यावर तोडगा काढला. उत्तरेतल्या मैदानात हिवाळ्यात मावा अगदी कमी असतो, तेवढ्या अवधीत बेण्याचं पीक घ्यायचं आणि शंभर पानांवर वीस मावे व्हायच्या आत पाला कापून टाकायचा. आपल्याकडे जालंधरचं बेणं येतं ते त्यामुळेच. नाशिकला तेवढी फुरसत मावा देत नाही. परवा मी शंभर पानं उलटली, एकोणतीस निघाले. म्हणजे घरचं बेणं ठेवायचा विचार सोड.

घेवड्याचं मात्र उलटं आहे, आणि खरं सांगू, माझं मन हल्ली तिकडेच जास्त रमतं. घेवडा फुलातच स्वतःचं परागीकरण उरकतो. आजी जे बी राखेत घालून डब्यात ठेवते, नातू तेच लावतो. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा असाच टिकला, दाण्यावर वाघाच्या अंगावरचे पट्टे, आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. अन् आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे! त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली ती वाल-घेवड्यासारखं घरचं बी जपलं म्हणूनच ना.

आमच्याकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'वरुण' राजमा (राजमा म्हणजे घेवडाच) आणि बाकी तीन-चार वाण शेजारी शेजारी आहेत. पेठकडच्या एक मावशी खुरपणीला येतात. एके दिवशी त्यांनी पिशवीच्या कोपऱ्यातून घरचं मूठभर बी काढलं, "हेबी लावा तुमच्या पाट्यात." लावलं. काढणीनंतर मी वजनं घेत बसलो तर त्यांनी माझ्या सर्वांत जास्त उताऱ्याच्या वाणाचा दाणा दाताखाली धरला, थुंकला आणि म्हणाल्या, "ह्यो जळण खाईल." मी वहीत पाहिलं. शेंगांची संख्या, शंभर दाण्यांचं वजन, हेक्टरी उतारा, सगळे रकाने भरलेले. शिजायला लागणाऱ्या वेळाचा रकानाच नव्हता! घरी येऊन सगळे वाण रात्रभर भिजवले, सकाळी वेगवेगळ्या पातेल्यांत चढवले. मावशींचा आधी मऊ झाला, माझा विजेता सर्वांत शेवटी. बायकोनं गॅसचा हिशोब अजून सोडलेला नाही. तेव्हापासून वहीत तो रकाना आहे.

आणखी एक. राजमा डाळवर्गीय आहे म्हणून तू त्याला हरभऱ्यासारखं वागवशील. हरभरा उपटलास तर मुळांवर गाठी दिसतात, फोडल्या तर आत गुलाबी. राजमा उपट, मुळं धुऊन बघ, बहुतेक कोरीच असतात. आपल्या मातीतले जिवाणू त्याच्याशी सोयरीक करत नाहीत. त्यामुळे नत्र आपल्यालाच द्यावं लागतं, जवळपास गव्हाएवढं. आणि पाणी साचलं की तो रुसतो, तुझ्या खालच्या काळ्या तुकड्यात तर अजिबात नको.

तर तुझं उत्तर. यंदा बटाट्याची वेळ गेली. पुढच्या ऑक्टोबरला दोन वाण लाव, पाच-पाच गुंठे, पण एक विहिरीजवळ आणि दुसरा माळावर असं करू नकोस. दोघांच्या आळीपाळीनं पट्ट्या पाड, म्हणजे मातीला दोष देता येणार नाही. दोनातला एक 'पुखराज' ठेव, दुसरा मी तुझ्या विहिरीचं पाणी कळल्यावर सांगेन. ती जानेवारीत आटत असेल तर लवकर निघणारं काहीतरी, फेब्रुवारीपर्यंत साथ देत असेल तर पंधरा-वीस दिवस जास्त घेणारं चालेल. तू म्हणालास "पाणी असतं की". किती असतं? काकांना विचारू नकोस, ते १९९० चं पाणी सांगतील. पंधरा जानेवारीला स्वतः जा, दोरीला दगड बांधून सोड, ओली दोरी हातानं मोज आणि तेवढा आकडा मला कळव.

तुझाच,
बंड्या