शकूस पत्र

शके,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, यावर तू काय बोलशील ते मला इथं बसून ऐकू येतंय. बोल बाई, पण आधी हे वाच. माझी शुगर आहे तिथंच आहे, गुडघा आहे तसाच आहे. झालं.

फोन केला नाही, कारण आमच्या घरात फोन एकाचा आणि कान चौघांचे. शिवाय हे फोनवर सांगण्यासारखं नाही.

वेळ अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी माझ्या उपकेंद्राच्या हद्दीत, चारीच्या कडेला मेलेलं अर्भक सापडलं. मुलगी. कडब्याची कोप अजून उभी होती, तिच्या मागच्या बाजूला. आंबिलाचं मडकं न्यायला आलेल्या पोराला दिसलं. पोलीस पाटलांनी ठाण्याला कळवलं आणि पंचनाम्याला मला बोलावणं आलं, "सिस्टर, जरा तुम्ही बघा."

बघितलं. पूर्ण दिवसांची वाटत होती, नखं बोटांच्या टोकापर्यंत आलेली. धुतलेल्या जुन्या लुगड्यात नीट गुंडाळलेली. आणि शके, नाळ बांधलेली होती. पोटापासून चार बोटांवर एक गाठ, बोटभर पुढं दुसरी. पांढरा दोरा, दुहेरी, पीळ देऊन. पहिली बाळाची, दुसरी देवाची. हे कोण म्हणायचं ते तुला लिहून सांगायला नको.

मी काही बोलले नाही. पंचनाम्यात 'नाळ दोऱ्याने बांधलेली' एवढंच आलं, आणि ते खोटं नाही.

मग सुरू झाली शोधाशोध. हवालदार आला, गरोदर मातांचं रजिस्टर मागायला लागला. महिन्याभरात ज्यांच्या तारखा होत्या त्यांची यादी पाहिजे म्हणे. रकाने बघत बघत विचारतो, "मॅडम, हे एलएमपी म्हणजे काय, गाडीचा नंबर का?" शेवटची पाळी म्हटल्यावर असा लाजला की चहा तसाच सोडून उठला. तू असतीस तर हसून हसून खाटेवरून पडली असतीस. पण पुढचं हसण्यासारखं नाही. आमच्या एका बाईचं सातव्या महिन्यात गेलं होतं, तिच्या दारात गाडी उभी राहिली. सासूसमोर विचारलं, "तुमचं बाळ कुठंय?" ती बाई अजून माझ्याशी बोलत नाही. यादी माझ्याच हातची ना.

रजिस्टरमधल्या निम्म्या बायकांपुढं 'स्थलांतरित' लिहिलंय. ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्यानंतरच गेल्या, कोण कोल्हापूरकडं, कोण कर्नाटकात. त्यांच्या बाळंतपणाची खबर मला उन्हाळ्यात कळते. गावाला मात्र सगळं आधीच ठाऊक. निम्मे म्हणतात ऊसतोडवालीचं, निम्मे म्हणतात कुण्या पोरीचं. पेपरात 'निर्दयी माता' छापून आलं. मुलगी होती म्हणून टाकली, हे तर सगळ्यांचंच मत. बीड म्हटलं की 2011 च्या जनगणनेतला, सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं 807 मुलींचा आकडा आपल्या कपाळावर गोंदलेलाच आहे. असेलही तसं. पण टाकायचंच होतं तर नाळ कोण बांधतं गं? दोन गाठी मारून?

डॉक्टरांनी पोस्टमॉर्टेम केलं. फुप्फुस पाण्यात तरंगलं, पण तेवढ्यावर जिवंत जन्मली असं छातीठोक सांगता येत नाही म्हणाले. डीएनएसाठी नमुना काढून ठेवलाय. हवालदाराला वाटतं, छत्रपती संभाजीनगरच्या लॅबमधून आता आईचं नाव-गावच येईल. अरे बाबा, जुळवायला समोर कुणी तरी पाहिजे ना!

धाकट्याला हे सांगितलं तर त्यानं मला टायटॅनिकची गोष्ट ऐकवली, नाच-गाण्याची नाही, खरी. 1912 साली समुद्रातून एक लहान पोर काढलं, कुणाचं ते कळेना. ज्या जहाजानं काढलं त्यावरच्या खलाशांनी पैसे जमवून कॅनडात हॅलिफॅक्सला त्याच्या थडग्यावर दगड बसवला, 'अनोळखी मूल' असा. मेलेल्यांचे कपडे जाळून टाकायचे होते, पण तिथल्या एका पोलिसाला त्याचे बूट जाळवेनात. ठेवले कपाटात. 2002 साली डीएनएवरून फिनलंडच्या 13 महिन्यांच्या पोराचं नाव ठरलं, पण बूट त्या वयाला मोठे! 2007 साली पुन्हा तपासलं तेव्हा कळलं, इंग्लंडचा सिडनी गुडविन, 19 महिन्यांचा. आई, बाप, पाच भावंडं, सगळी त्याच जहाजावर गेलेली. 95 वर्षं लागली, आणि नाव लागलं तरी कुणाला पकडायचं नव्हतं. आमच्याकडं नाव म्हणजे अटक. हवालदारच सांगत होता, नव्या कायद्यात, भारतीय न्याय संहितेत, कलम 94, मूल मेलेलंच जन्मलं असलं तरी गुपचूप विल्हेवाट लावली तर दोन वर्षांपर्यंत.

म्हणजे आपली दोन गाठींवाली सुईण मावशी. या वयात.

पण मला एक कोडं सुटत नाही. मावशीनं उघड्यावर ठेवलं नसतं. तिनं खड्डा खणला असता, वर मीठ टाकलं असतं, दगड ठेवला असता. तिनं सोडवलं असेल, बांधलं असेल, आणि पुढं घरातल्या कुणी तरी उचलून नेलं असेल. मग त्या घरातली ती पोर कशी आहे? रक्तस्राव होत असेल, ताप असेल, कुणाला दाखवलं असेल का? मला आईला धरून द्यायचं नाही शके, पण तिच्यापर्यंत पोचायचंय. आणि मावशी मला सरकारी माणूस समजते. गेले होते, "गुडघा कसाय" विचारून चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तुझ्याशी बोलेल ती. तू तिच्या हातची. आपल्या प्रॅक्टिकलला रबरी नळीवरची तुझी गाठ सुटली आणि तू पाटोळे बाईंना सांगितलंस मंगलनं ओढली, तेव्हाही मावशीनं तुझीच बाजू घेतली होती. मी ओढली नव्हती. आजही सांगते.

पिंकीचं जमलं का? भाऊजींचा पथ्यपाण्याचा तमाशा चालूच असेल. नवी खोली घेतल्याचं कळलं, बरं झालं.

संक्रांतीचं निमित्त कर. कल्याणहून लातूर एक्स्प्रेसला बस, लातूरहून अंबाजोगाईची एसटी लगेच मिळते. मावशीला सांगू नकोस की मी बोलावलंय. येताना जखमेची औषधं आण, इथल्या मेडिकलातून मी घेतली तर दुपारपर्यंत गावभर होईल.

तुझी,
मंगल